हाय म्हणजे होय नव्हे

आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेसातला मोर्चा निघाल्यासारखा आवाज यायचा. 'हाय... हाय... हाय.' झेरॉक्सला नवीन गिऱ्हाईक आलं की मान वर करून विचारायचं, "कुणाच्या नावानं चाललंय हो हे?" मी सांगायचो, कुणाच्या नावानं नाही, वर जपानीचा क्लास आहे. गिऱ्हाईकाला ते पटायचं नाही. जुन्या नाशकात, दूध बाजाराच्या अलीकडच्या बोळात, कुलपांच्या आणि पतंगांच्या दुकानांच्या मधोमध जपानी? पण होतं खरं. अजूनही आहे.

मी प्रफुल्ल. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म हा माझा धंदा. दुकानाच्या वरच्या खोलीत खुर्शीदा मॅडम शिकवतात. गल्ली त्यांना 'जपानी आपा' म्हणते. वय छप्पन्न, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि राग त्याच्याही पुढे. त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पण लिहायला बसलो की मुलाखतीचा तो दिवस आठवतो आणि डोकं सटकतं. आज सटकलेल्या डोक्यानंच लिहितो.

मॅडम मूळच्या टायपिस्ट. तीस वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात त्या कामाला होत्या. तिथे जपानहून मशिनं आली, मशिनांबरोबर तीन इंजिनिअर आले, आणि मशिनांवरच्या पाट्या कुणालाच वाचता येईनात. साहेब म्हणाले, टायपिस्ट बाईंचं अक्षर चांगलं आहे, त्यांना चित्रं काढल्यासारख्या उतरवून घ्यायला सांगा. मॅडमनी पाट्या उतरवल्या आणि उतरवता उतरवता त्या इंजिनिअरांना अर्थ विचारत गेल्या. 'गरम आहे.' 'थांबा.' 'आत हात घालू नका.' त्यांचं जपानी असं धोक्याच्या सूचनांपासून सुरू झालं. पुढे त्या एसटीनं पुण्याला जाऊन परीक्षा देत राहिल्या. त्यांचे मिस्टर अकबरभाई कुलूप-किल्लीचं दुकान चालवतात. ते सांगतात, "बेगम जपानीत रागावते, मला कळत नाही, म्हणून घर शांत आहे."

स्वतः मॅडम जपानला एकदाही गेलेल्या नाहीत. जमलंच नाही कधी. पण त्यांचा एक हट्ट होता. त्यांच्या क्लासची पोरं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत लागली, कुणी दुभाषी झालं, कुणी अर्ध्यात सोडून लग्न करून मोकळं झालं. मॅडमना ते पुरत नव्हतं. "माझ्या हातचं एक तरी पोर तिथल्या विद्यापीठात बसून, जपानीतून शिकलं पाहिजे," त्या म्हणायच्या. "इथे बसून सगळेच बोलतात. तिथे, त्यांच्यात."

आणि शिकवणं कसं! व्याकरण नंतर, आधी ऐकायचं कसं ते. जपान्यांत म्हणे समोरचा बोलत असताना गप्प बसणं म्हणजे उद्धटपणा. मध्ये मध्ये 'हाय' म्हणत राहायचं. या 'हाय'चा शब्दकोशातला अर्थ 'होय', पण तिथे त्याचा अर्थ तेवढाच नसतो. मॅडम समजावायच्या, "गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो की नाही? हुंकार नाही दिला तर सांगणारा विचारतो, झोपलास का रे? तसं हे हाय. मी ऐकतेय, तुम्ही बोला. बस. मान्य आहे की नाही, ते वाक्य संपल्यावर." मग त्या एक लांबलचक वाक्य बोलायच्या आणि वर्गानं योग्य जागी 'हाय' म्हणायचं. चुकीच्या जागी म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. मोर्चा तो हाच.

साक्षी काकड या मोर्च्यातली सगळ्यांत पक्की. मखमलाबादची पोरगी, घरची शेवंती आणि झेंडू. वडील सावळीराम पहाटे पिकअप घेऊन फुलबाजारात यायचे, ही त्यांच्याबरोबर यायची, जुड्या उतरवायची आणि साडेसातला वर हजर. नववीपासून चार वर्षं तिचा खाडा नाही. अंगाला शेवंतीचा वास आणि वहीच्या पानांना ओल. शेवंतीला जपानीत 'किकु' म्हणतात आणि तिथे ते राजघराण्याचं चिन्ह आहे हे कळलं त्या दिवशी तर ती हवेतच होती. आपल्याकडे अकरा वाजेपर्यंत न खपलेली शेवंती गाईपुढे जाते. तिथे तोडलेलं फूल तीन-तीन आठवडे टिकवतात म्हणे. ते कसं टिकवतात हे तिला शिकायचं होतं. दुसरं काही नाही.

सावळीराम एकदा पोरीला न्यायला वर आले होते. वर्गाचं 'हाय हाय' ऐकून दारातच म्हणाले, "मॅडम, आमी तर जल्मापासून हाय-नायच बोलतो. त्याला कलास कशाला लागतो?" मॅडमसुद्धा हसल्या. मॅडम हसल्या हे गल्लीनं साजरं करायला हवं होतं.

जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात. पाचवी सगळ्यांत खालची, पहिली सगळ्यांत वरची. बारावीच्या वर्षी साक्षीनं दुसरी पायरी गाठली. तिथल्या विद्यापीठात जपानीतून शिकायला तेवढं पुरतं. आणि त्याच पावसाळ्यात ते विद्यापीठ आपण होऊन नाशकात आलं.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मॅडम मला माफीचं पत्र लिहायला बसवतील. तिकडे म्हणे पोरंच कमी जन्मताहेत, बाकं रिकामी पडलीत, म्हणून बाहेरून विद्यार्थी आणायची मोहीम आहे. त्यात वाईट काही नाही. माहितीपुस्तक गुळगुळीत, पहिल्या पानावर बारा देशांचे झेंडे आणि 'जग आमच्या वर्गात' अशी ओळ. आत कॅन्टीनमध्ये हलाल जेवण मिळेल, नमाजाला खोली आहे, असंही होतं. मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. "बघा, किती विचार केलाय यांनी," म्हणाल्या.

पण आणखी दोन गोष्टी होत्या. एक, नवा 'ग्लोबल' कोर्स, पूर्ण इंग्रजीतून. त्याच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: जपानी येत नाही? काळजी नको! दुसरी गोष्ट शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. शेती-बागायतीसारखे जुने विभाग जपानीतून चालतात. त्यांना बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी हा शेवटचा प्रवेश. पुढल्या वर्षीपासून बाहेरच्यांना फक्त ग्लोबल.

"ये क्या बात हुई, प्रफुल्लभाऊ?" मॅडम म्हणाल्या. "जपानला जायचं आणि जपानी येत नाही याची काळजी नको?" मग साक्षीकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे यंदा. यंदा नाही तर कधीच नाही." साक्षीनं नुसती मान हलवली. त्या आठवड्यात मी तिचे इतके कागद स्कॅन केले की मशीन तापून बंद पडलं.

मुलाखत नोव्हेंबरात, मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात. नियम असा की उमेदवाराबरोबर घरचं एक माणूस चालेल, शिक्षक किंवा एजंट चालणार नाहीत. सावळीराम म्हणाले, "मला तिथं नका बशिवू. मला ना विंग्रजी कळत, ना जपानी. तुमी बसा काका म्हणून." म्हणून मी बसलो. इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर फाइल घेऊन. मॅडम बाहेर, हॉटेलच्या फाटकापाशी, रिक्षातच बसून राहिल्या.

आत टेबलावर लॅपटॉप. त्यात एक वयस्कर जपानी प्रोफेसर, थेट तिकडून. टेबलामागे विद्यापीठाचा भारतातला अधिकारी, दिल्लीकडचा, टाय लावलेला, हातात टॅब. साक्षीनं वाकून नमस्कार केला. प्रोफेसर बोलायला लागले, ही 'हाय' म्हणाली. टायवाल्याला वाटलं ती हाय-हॅलो करतेय, त्यानंही हात हलवून 'हाय' केलं. मला हसू आवरेना.

प्रोफेसर आणि साक्षी दहा मिनिटं शेवंतीवर बोलले असावेत. मला 'किकु' तेवढं कळत होतं. प्रोफेसर दोनदा मोकळं हसले, काहीतरी लिहून घेतलं, मग घड्याळाकडे बोट दाखवून वाकले आणि पडद्यावरून गेले. त्यांचा तास होता. टायवाला म्हणाला, फक्त औपचारिकता उरलीय, पाच मिनिटं.

आता जे झालं ते मी समोर बसून ऐकलं, शब्द कळले, पण त्यातली गोम मला काडीइतकी कळली नाही. तो इंग्रजीत बोलत होता, भरभर. जपानीतून चालणाऱ्या बागायती विभागात जागा फार थोड्या आहेत. साक्षी म्हणाली, "हाय." विद्यापीठाला आता ग्लोबल कोर्स वाढवायचा आहे. "हाय." तिथे तुला संधी जास्त आहे. "हाय." तर मग तुझी पहिली पसंती ग्लोबल अशी लिहू का, म्हणजे... इथे तो श्वास घ्यायला थांबला. "हाय," साक्षी म्हणाली. "ग्रेट!" तो म्हणाला, आणि टॅबवर बोट टेकवलं.

त्यानं 'हाय' म्हणजे शब्दकोशातलं 'होय' धरलं; ती मात्र वाक्य संपायची वाट बघत होती. मराठीत काय आणि जपानीत काय, खरी गोष्ट वाक्याच्या शेवटी येते. 'मी येणार' म्हटल्यावर 'नाही' यायचं बाकी असतं. शेवटापर्यंत ऐकल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हे तिच्या अंगात चार वर्षं मुरवलेलं. इंग्रजीतला प्रश्न सुरुवातीलाच होऊन गेला होता. तिनं बोलायला तोंड उघडलं तेव्हा तो उठून पुढच्या मुलाचं नाव पुकारत होता.

जिन्यात तिनं मला विचारलं, "काका, ते शेवटी ग्रेट कशाला म्हणाले?" आणि मी अक्कलशून्य माणूस म्हणालो, "ग्रेट म्हणजे ग्रेट! पेढ्यांचं सांगून ठेव घरी."

मॅडमनी रिक्षातच पहिला प्रश्न केला, "हाय बरोबर जागी म्हटलंस ना?" साक्षी म्हणाली, "एक पण चुकलं नाही मॅडम." मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी पुढे रिक्षावाल्याशेजारी बसून खुशीत होतो. तो प्रवास आठवला की अजून स्वतःला दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ई-मेल आला, माझ्याच दुकानात. 'मुलाखतीत आपण स्वतः मान्य केल्यानुसार आपला अर्ज ग्लोबल कोर्सकडे वळवण्यात आला. त्यासाठी लागणारा इंग्रजी परीक्षेचा निकाल जोडलेला नसल्यामुळे अर्ज बंद करण्यात येत आहे.'

"मी कधी मान्य केलं?" साक्षी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, ती खरोखरच विचारत होती.

मॅडमनी मला टायवाला व्हायला लावलं. आठवेल तसं बोला म्हणाल्या. मी बोलत गेलो, साक्षी तिच्या सवयीनं 'हाय' म्हणत गेली, आणि चौथ्या 'हाय'ला मॅडमनी हात वर केला. "या अल्ला," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "तिनं होकार दिलाच नाही, प्रफुल्लभाऊ. ती ऐकत होती."

मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. जपानी विद्यापीठ, जपानी पगार, आणि माणसाला जपानी 'हाय' कळू नये? प्रोफेसर पडद्यावर असते तर त्यांना क्षणात कळलं असतं, तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण विद्यापीठाला जगाचं व्हायचं होतं, म्हणून त्यांनी दारावर असा माणूस बसवला ज्याला घरचीच भाषा येत नाही. पोरीला जपानी थोडं कमी आलं असतं तर ती गप्प बसली असती, आणि गप्प बसली असती तर वाचली असती. हे मी मॅडमसमोर बोलून गेलो. बोलायला नको होतं.

सावळीराम आले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, तिला नाय म्हनायला शिकिवलं नव्हतं का?"

"जपानीत तोंडावर नाही म्हणत नाहीत, सावळीरामभाऊ," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

मग पत्रं सुरू झाली. पहिलं पत्र मॅडमनी जपानीत लिहिलं, तीन दिवस खर्चून. तिकडच्या रिवाजाप्रमाणे हवापाण्यापासून सुरुवात, नाशकात थंडी कशी पडलीय, द्राक्षं कशी भरताहेत, मग माफी, मग कारण, मग पुन्हा माफी. मी टाइप करून पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, इंग्रजीत. 'जगभरातील अर्जदारांच्या सोयीसाठी आमचे कार्यालय केवळ इंग्रजीत पत्रव्यवहार करते.' मी ते वाचून दाखवलं तेव्हा मॅडमना वाटलं मी थट्टा करतोय. त्यांनी चष्मा पुसून स्वतः वाचलं. मग आम्ही इंग्रजीत पाठवलं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. त्याला उत्तर आलं की निर्णय अंतिम आहे आणि विद्यापीठ विविधतेचा आदर करतं.

त्याच आठवड्यात कॉलेज रोडचा राज नावाचा मुलगा दुकानात आला. त्याला ग्लोबल कोर्सला प्रवेश मिळाला होता. पोरगा सालस, त्याच्यावर राग नाही. त्याला मॅडमकडे पंधरा दिवस जपानी शिकायचं होतं, "विमानतळापुरतं." मॅडमनी त्याला परत पाठवलं नाही. वर नेलं, बसवलं आणि चहाला काय म्हणतात तिथपासून सुरुवात केली. मी खाली बसून दात खात होतो.

अर्ज बंद झाला तरी एक दार राहिलं होतं, ते म्हणजे प्रोफेसर. मॅडमनी विभागाचा फोन नंबर शोधून काढला. जानेवारीतला सोमवार, आपल्याकडे सकाळचे अकरा, तिकडे दुपारचे अडीच. वर रेंज नीट येत नाही म्हणून फोन माझ्या दुकानातूनच लावला, स्पीकरवर. साक्षी स्टुलावर बसली. मी शटर अर्धं ओढून घेतलं.

मॅडम उभ्या राहून बोलत होत्या. डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली, आणि प्रत्येक वाक्याला कमरेतून वाकत होत्या, जणू फोनमधून ते दिसत होतं. बराच वेळ त्या मऊ आवाजात सांगत राहिल्या. मध्ये साक्षीचं नाव, मध्ये 'हाय' आलं. मग प्रोफेसरांनी काहीतरी विचारलं. मॅडम थांबल्या, त्यांनी टेबलाची कड धरली आणि म्हणाल्या, "इइए." हा शब्द मला माहीत होता. याचा अर्थ 'नाही'. इतक्या वर्षांत त्यांना तो असा तोंडावर, मोठ्यानं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. पुढचं मला नंतर साक्षीकडून कळलं. प्रोफेसरांनी विचारलं होतं, मग मुलीनं मान्य केलं नव्हतं का? आणि मॅडम म्हणाल्या होत्या, नाही. मान्य केलं नव्हतं. चूक मुलीची नाही, मी तिला ऐकायला शिकवलं, ती माझी चूक.

 मग प्रोफेसर बोलले, हळूहळू, खूप वेळ. आवाजात माणुसकी होती, ते भाषा न कळताही कळत होतं. मॅडम 'हाय, हाय' म्हणत वाकत होत्या. साक्षी फोनकडे टक लावून बसली होती. तिच्या तोंडून एकही 'हाय' निघालं नाही.

फोन ठेवला. मॅडमनी ओढणीनं कपाळ पुसलं आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "त्यांना फार वाईट वाटलं," त्या साक्षीला म्हणाल्या. "दहा वेळा माफी मागितली. म्हणाले, पुढच्या बैठकीत मी विषय काढतो. अगदी चांगल्या मनानं विचार करतो."

"मग झालं की काम!" मी म्हणालो. मी खरोखरच खूश झालो होतो.

साक्षी माझ्याकडे वळली. "काका, ते 'बघू' म्हणाले."

"बघू म्हणजे?"

"बाजारात बाबांनी जुडी पुढं केली आणि व्यापारी म्हणला, बघू, की बाबा जुडी उचलून पुढच्या गाळ्यावर जातात. ते बघू."

"दर वेळी तसंच असतं असं नाही, बेटा," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "कधी कधी खरंच..."

"मॅडम," साक्षी म्हणाली, "मला सगळं कळलं ते काय म्हणाले. तुम्हीच शिकवलंय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि मान हलवली. पोरीचं भाषांतर बरोबर होतं.